धापेचा दोष कोणाचा?



जबलपूरच्या राइट टाउन वस्तीत हिवाळ्याच्या संध्याकाळी फिरावयास निघालेल्या माणसाला दोन गोष्टी हटकून भेटतात. एक दवाखान्यांच्या पाट्या आणि दुसरी धूर. कोठे झाडलेला पालापाचोळा पेटविलेला असतो, कोठे एखादा चौकीदार हाती लागेल ते जाळून शेकत बसलेला असतो, आणि वारा पडलेला असल्यामुळे तो धूर घरांच्या उंचीवरच रेंगाळत राहतो. त्याच धुरातून मफलर नाकाशी धरून छातीच्या डॉक्टरांकडे निघालेली वृद्ध माणसे दिसतात. ह्याच रस्त्यांनी मी माझ्या आईला कित्येक वर्षे डॉक्टरांकडे नेत असे. तिचे चरित्र सांगण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. तिच्या आजाराने माझ्यापुढे एक प्रश्न टाकला, तो आपणापुढे ठेवावा एवढाच हेतू आहे. माणसाला धाप लागते, तेव्हा तिचा दोष कोणाचा?

त्याआधी एक कबुली द्यावयास हवी. आमच्या मंडळीत एक वृद्ध गृहस्थ होते. आयुष्यभर त्यांनी विडी ओढली होती. जबलपूर हे विडीच्या धंद्याचे जुने केंद्र; येथे विडी वळणारे हातही पुष्कळ आणि ओढणारी तोंडेही पुष्कळ. उपासना चालू असता त्यांना खोकल्याची उबळ आली की ते हळूच उठत, बाहेर पायरीवर जाऊन बसत आणि शेवटचे गीत संपले तरी आत येत नसत. त्यांना दफन करून परत येताना कोणीतरी म्हणाले, “केले तसे भरले.” मी मान डोलावली. त्या मान डोलावण्यात मला एक समाधान वाटले होते. मी विडी ओढत नव्हतो, आमच्या घरात कोणीच ओढत नव्हते. तेव्हा ही धाप आमच्या उंबरठ्याच्या आत येणार नाही, असे मी मनाशी धरून चाललो होतो.

पुढे काही वर्षांनी ती आलीच. आईला जिना चढवेना, मग अंगण झाडवेना, मग एक वाक्य सलग बोलवेना. डॉक्टरांनी तिच्या हाती एक नळी दिली आणि सांगितले, “आजी, छाती भरून श्वास घ्या आणि जोराने फुंका, सहा सेकंद फुंकत राहा.” आईने फुंकले, पण दोन सेकंदांतच तिचा श्वास अडकला आणि ती ओशाळून हसली. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारले, “ह्यांनी चुलीवर किती वर्षे स्वयंपाक केला?” मला उत्तर देता आले नाही. नागपूरकडून लग्न होऊन ती जबलपुरास आली तेव्हा दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती, एवढा इतिहास मला ठाऊक होता. पण आमच्या मागच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात गॅस कोणत्या वर्षी आला, हे मला आठवेना. उत्तर आईनेच दिले, “सदतीस वर्षे.” सकाळी लाकडाची चूल, संध्याकाळी दगडी कोळशाची सिगडी. सदतीस वर्षे हातात फुंकणी घेऊन जिने घरातला विस्तव जागता ठेवला, तिच्यापाशी आता सहा सेकंदांची फुंकर उरली नव्हती.

वाचकहो, त्या दिवशी मला पायरीवर बसलेले ते गृहस्थ आठवले. आईला पाहून “केले तसे भरले” असे कोणी म्हणाले असते, तर मी ते सहन केले असते काय?

ज्या आजाराने आईला ग्रासले त्यास डॉक्टर सीओपीडी म्हणतात. त्यात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसांतील नाजूक पुटकुळ्या नष्ट होतात आणि गेलेली शक्ती पूर्णपणे परत येत नाही. दमा हा त्याचा भाऊबंद असला तरी निराळा. दम्यात श्वासनलिकांना सूज असते, त्या एकाएकी आवळतात आणि औषधाने, कधी कधी आपोआपही, पुन्हा मोकळ्या होतात. दोन झटक्यांच्या मधल्या काळात रोगी अगदी निरोगी दिसू शकतो. आपल्या घरांत दोहोंनाही सरसकट “दमा” म्हणतात, आणि त्या एका शब्दामागे कुजबूज, लाज व दोषारोप यांचे मोठे गाठोडे बांधलेले असते.

हे गाठोडे सोडविण्याचे काम संशोधकांनी फार धिमेपणाने केले आहे. डॉ. एस. पद्मावती यांनी दिल्लीत, जुनाट श्वसनविकारामुळे हृदयाची उजवी बाजू थकून गेलेल्या रोग्यांचा अभ्यास केला आणि तो १९५९ साली प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः वयस्क पुरुषांचा समजला जाई. दिल्लीत मात्र स्त्रियांची संख्या मोठी होती, आणि त्यांना तो पुरुषांपेक्षा कमी वयात गाठत होता. ह्या स्त्रिया धूम्रपान करणाऱ्या नव्हत्या. संशयाचे बोट चुलीकडे वळले. पुढे १९८१ साली कर्क स्मिथ ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातच्या खेड्यांत जाऊन, स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर छोटी यंत्रे लावून, त्या किती धूर आत घेतात हे मोजले. जगभर कारखान्यांच्या धुराड्यांची मोजमापे चालू असताना आपल्या आयाबहिणींच्या चुलीचा धूर कोणी मोजावा, हीच मुळी नवी गोष्ट होती.

२००९ साली पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. सीओपीडीच्या रोग्यांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधीही धूम्रपान केलेले नसते, असा त्यांचा अंदाज होता. तंबाखू ओढणारे जगात सुमारे १०० कोटी, तर लाकूड, गोवऱ्या व काटक्याकुटक्यांच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी, असेही त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर भारतातील सर्व राज्यांचा आढावा घेणारा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९९० साली देशात सीओपीडीचे रोगी २ कोटी ८१ लाख होते, ते २०१६ पर्यंत ५ कोटी ५३ लाख झाले. दम्याचे रोगी ३ कोटी ७९ लाख होते. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के, पण जुनाट श्वसनविकारांमुळे वाया जाणाऱ्या आयुष्याच्या वर्षांत तो ३२ टक्के! आणि सीओपीडीने आपल्या देशात जे आयुष्य वाया जाते, त्यापैकी सुमारे ५४ टक्क्यांचे कारण दूषित हवा, तर २५ टक्क्यांचे तंबाखू असे आढळले.

हे आकडे मी आपणास घाबरविण्यासाठी दिलेले नाहीत. त्यांत एक नैतिक सत्य दडलेले आहे. ज्या रोगाला आपण व्यसनाची शिक्षा समजत होतो, तो आपल्या देशात अर्ध्याहून अधिक अंशी हवेतून आलेला आहे. आणि हवा कोणा एकाची नसते.

रोग्याकडे पाहून दोषी शोधण्याची ही सवय जुनी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाला पाहून शिष्यांना हाच प्रश्न पडला होता: पाप ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले, हे आपण जाणतोच. त्या प्रश्नात शिष्यांना काय सापडत होते, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. रोगी दोषी ठरला की जग नियमबद्ध वाटते आणि निरोगी माणसाला सुरक्षित वाटते. माझ्या मान डोलावण्यात हीच सुरक्षितता होती. दुसऱ्याच्या धापेतून मी माझ्या निर्दोषपणाचा दाखला मिळवीत होतो.

येथे आपणांपैकी कोणी रास्त शंका काढील. विडी ओढणाऱ्याला काहीच जबाबदारी नाही काय? सर्व दोष हवेवर ढकलला, तर मनुष्याच्या इच्छाशक्तीला अर्थ तो काय उरला? ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही. तंबाखू छातीचा नाश करतो, हे संशोधनाने निर्विवाद सिद्ध केले आहे, आणि ज्याने त्याने तो सोडावा हे खरेच. कोणत्याही वयात सोडला तरी लाभ होतो. परंतु जबाबदारी वेगळी आणि धिक्कार वेगळा. जबाबदारी पुढे पाहते व विचारते, “आता काय करावयाचे?” धिक्कार मागे पाहतो आणि हिशेब मिटवून टाकतो. त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही धिक्कार भरपूर दिला. विडी सोडविण्यासाठी त्यांच्या शेजारी पायरीवर जाऊन आमच्यापैकी कोणी बसला नाही. शिवाय त्यांची विडी त्यांनी एकट्याने थोडीच पेटविली होती? ती वळणारी बाई दिवसभर तंबाखूची धूळ छातीत घेत होती, ती विकणाऱ्याचे घर तिच्यावर चालत होते, आणि तिच्यावरील करातून सरकारी तिजोरीत भर पडत होती. दोषाचा धागा ओढू लागलो की तो आपल्याही अंगरख्यातून निघतो.

ह्याउलट दुसरीही एक चूक आहे, आणि ती पहिलीइतकीच मोठी आहे. “दोष कोणाचाच नाही, देवाची इच्छा,” असे म्हणून हात जोडणे. आमच्याच मध्य प्रदेशात, १९८४ च्या डिसेंबरच्या २ तारखेच्या रात्री, भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली, आणि जी वाचली त्यांच्यापैकी अगणितांच्या छातीत ती रात्र कायमची राहिली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुढे कित्येक वर्षे त्या लोकांच्या फुप्फुसांचा पाठपुरावा केला. मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिलींच्या कारखान्यांत दगडाची धूळ खाऊन तरुण कामगार मरत होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यांची तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस झालेला आढळला. १९८५ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या पेन्सिलीने आपण ‘ग म भ न’ गिरवले, ती कोणाच्या श्वासावर घडत होती हे आपणांस कोणी सांगितले नव्हते. अशा ठिकाणी दोष कोणाचाच नाही असे म्हणणे ही दया नव्हे. तो अन्यायाला दिलेला आसरा आहे.

म्हणजे दोषाचा प्रश्न टाकून देता येत नाही. तो योग्य दिशेने विचारावा लागतो. रोग्याकडे बोट दाखवून तो विचारला, तर आपण क्रूर होतो. मुळीच विचारला नाही, तर आपण बेजबाबदार होतो. ज्यांच्या हाती हवा बदलण्याची शक्ती आहे त्यांच्याकडे पाहून तो विचारावयास हवा, आणि त्यांत स्वतःला वगळावयाचे नाही. संशोधनाने आपणांवर उपकार केला तो येथे. त्याने आपल्या नजरेची दिशा वळविली.

परंतु कळल्यावर जबाबदारी वाढते. मला माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय माझ्या पिढीला होती; आता ती कोणालाच नाही. म्हणून काही साध्या गोष्टी आपल्याच घरापासून तपासून पाहू या.

पहिली गोष्ट लाजेची. कितीतरी घरांत उपवर मुलीचा पंप कपाटात कपड्यांच्या घडीखाली लपविलेला असतो. स्थळ पाहावयास आलेल्यांपुढे तिला धाप लागली तर “जरा सर्दी आहे” असे सांगितले जाते. दमा संसर्गजन्य नाही, पंपाची सवय लागून माणूस परावलंबी होतो हाही गैरसमज आहे. हा पंप मुळात एका मुलीच्याच प्रश्नातून जन्मला. अमेरिकेतील एका औषध कंपनीच्या प्रमुखाला त्याच्या दम्याने त्रस्त १३ वर्षांच्या लेकीने १९५५ साली विचारले, की केसांवरच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का नसावे? १९५६ साली तो पंप बाजारात आला. तिकडे एका मुलीने निर्भयपणे विचारल्यामुळे कोट्यवधींचा श्वास सुकर झाला. आणि आपण आपल्या मुलींना तोच पंप लपवावयास शिकवितो. लपविण्याची सवय लागलेली मुलगी सासरी झटका आला तरी उशिरापर्यंत गप्प बसते, आणि अशा गप्प बसण्याने प्राण जातात.

दुसरी गोष्ट तात्पुरत्या आरामाची. दम्यात श्वासनलिका लगेच मोकळी करणारे औषध आणि आतील सूज उतरविणारे औषध, असे दोन प्रकार असतात. पहिल्याने मिनिटांत बरे वाटते, म्हणून पुष्कळजण तेवढ्यावरच भागवितात. परंतु सूज तशीच राहते आणि एखाद्या रात्री घात होतो. दम्याच्या उपचारांचे मार्गदर्शन करणाऱ्या ‘गिना’ ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ साली स्पष्ट सांगितले, की मोठ्या माणसांना व किशोरवयीनांना केवळ तात्काळ आराम देणाऱ्या औषधावर ठेवू नये. सूज उतरविणारे औषध श्वासावाटे दिले गेलेच पाहिजे. आपल्या डॉक्टरांना हे अवश्य विचारा. बरे वाटणे आणि बरे होणे यांतील अंतर आत्म्याच्या बाबतीत आपण ओळखतो. छातीच्या बाबतीतही ओळखू या.

तिसरी गोष्ट आपण स्वतः निर्माण करीत असलेल्या धुराची. दारेखिडक्या लावून रात्रभर जाळलेली डासांची एक अगरबत्ती ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी. अंगणातला पाचोळा पेटविण्याऐवजी त्याचे खत करता येते. घरी कामास येणाऱ्या बाईच्या झोपडीत आजही चूल आहे काय, हेही विचारावयास हवे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे लक्षावधी गरीब घरांत गॅस पोहोचला. परंतु रिकामे सिलिंडर पुन्हा भरण्यास पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. एखाद्या मंडळीने, एखाद्या शेजाराने दोन कुटुंबांच्या सिलिंडरची जबाबदारी वाटून घेतली, तर त्याला मोठ्या संस्थेची गरज नाही.

चौथी गोष्ट संशोधनाच्या ऋणाची. आमच्या जबलपुरात आदिवासींच्या आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी श्योपूर जिल्ह्यातील सहारिया जमातीची तपासणी केली, तेव्हा क्षयरोगाचे प्रमाण लाखामागे १,५०० च्या वर भरले. क्षयाचे जंतू औषधाने मरतात, पण व्रण पडलेली फुप्फुसे पुष्कळदा जन्मभर धापा टाकीत राहतात. ज्यांनी आपली थुंकी, आपले रक्त, आपला श्वास मोजू दिला, त्यांच्या दारी त्या ज्ञानाचे फळ परत पोहोचले पाहिजे. माणसाचे दुःख मोजावे आणि मोजून निघून जावे, इतक्याने ऋण फिटत नाही. ही जबाबदारी केवळ शास्त्रज्ञांची नाही; त्यांच्या निष्कर्षांवर काही व्हावे म्हणून आवाज उठविणाऱ्या नागरिकांचीही आहे.

वाचकहो, त्या आंधळ्या माणसाच्या प्रसंगात एक बारकावा आहे. शिष्यांच्या प्रश्नाचे उत्तर देऊन प्रभू पुढे निघून गेला नाही. तो वाकला, त्याने माती कालविली आणि ती त्या माणसाच्या डोळ्यांना लावली. दोष कोणाचा ह्या चर्चेचा शेवट हात मातीत घालण्याने झाला. आपल्या चर्चांचा शेवट बहुधा मान डोलावण्याने होतो.

आई गेली त्या हिवाळ्यात शेवटचे काही दिवस तिला ऑक्सिजन लावलेला होता. एके रात्री तिने मला जवळ बोलावून विचारले, “अरे, मी तर कधी तपकीरसुद्धा ओढली नाही. मग माझ्याच वाट्याला हे का आले? माझे काही चुकले का रे?” सदतीस वर्षे आमच्यासाठी धूर गिळलेली ती स्त्री जाताना स्वतःचीच चूक शोधीत होती. “आई, तुझे काही चुकले नाही. चूक आमची होती, आम्ही जेवत राहिलो आणि धुराकडे पाहिले नाही,” असे मी म्हणालो खरा, पण तोवर तिला ग्लानी आली होती. ते तिला ऐकू गेले की नाही, मला कळले नाही.

म्हणून आपणांस एवढीच विनंती. आपल्या घरात, शेजारी किंवा मंडळीत ज्याला धाप लागते, असा एखादा माणूस असेलच. त्याने विडी ओढली असेल किंवा नसेल. त्याच्या जवळ जाऊन बसा, आणि जे मी उशिरा म्हणालो ते त्याला ऐकू येते आहे तोवरच म्हणा. मग उठून खिडकी उघडा.